न उडण्याचा खर्च

निवडणुकीचा हंगाम आला की कोकणातल्या तालुक्याच्या गावी एखाद्या मैदानाला अचानक मान येतो. टँकर पाणी मारून धूळ बसवतो. चुन्याचं वर्तुळ आखून मधोमध ‘एच’ काढतात. बांधकाम खात्याची माणसं जमिनीचा ढाळ आणि आसपासच्या विजेच्या तारा बघून जातात. पुढारी उतरून सभेकडे निघतो, पण निम्मी गर्दी मागेच रेंगाळते, कारण तिला भाषणापेक्षा ते यंत्र बघायचं असतं. देवरुखासारख्या गावात अशा गर्दीतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “तासाला पेट्रोल किती खात असेल हो हे?”

विचारणाऱ्याच्या डोक्यात गाडीचा हिशोब असतो. गाडी एकदा घेतली की पुढचा मुख्य खर्च इंधनाचा. विम्याचा हप्ता वर्षातून एकदा, सर्व्हिसिंग दोनदा. हौसेसाठी ठेवलेल्या लहान हेलिकॉप्टरला हा हिशोब उलटा लागतो. तिथे इंधन हा किरकोळ रकाना असतो आणि मोठा पैसा यंत्र शेडमध्ये उभं असताना जातो. महिन्यातून दोनदा आकाशात जाणाऱ्या माणसाला उरलेल्या अठ्ठावीस दिवसांचंही बिल भरावं लागतं.

समजा, साखरप्याकडच्या एखाद्या काजू कारखानदाराला किंवा आंबा बागायतदाराला ही हौस आली. त्याच्यासमोर पहिलं नाव येईल ते अमेरिकेतल्या रॉबिन्सन कंपनीच्या आर-२२ चं. फ्रँक रॉबिन्सन नावाच्या इंजिनिअरने १९७३ मध्ये आपल्या राहत्या घरी कंपनी काढली, १९७५ मध्ये आर-२२ पहिल्यांदा उडालं आणि १९७९ मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळालं. दोन माणसं, पिस्टनचं इंजिन, दोनच पाती, भरलेलं वजन ६२२ किलो. म्हणजे आपल्याकडच्या लहान मोटारीपेक्षाही हलकं. वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. देवरुखातून सरळ रेषेत रत्नागिरी बत्तीस-तेहेतीस किलोमीटर पडते, म्हणजे अकरा-बारा मिनिटं. सह्याद्री ओलांडून कोल्हापूर अर्ध्या तासाच्या आत. आंबा घाटातल्या ट्रकांच्या मागे रांगत ज्याने अर्धं आयुष्य काढलं आहे त्याला हे आकडे भुरळ घालणारच.

नव्या आर-२२ ची कारखान्यातली किंमत साडेतीन लाख डॉलरच्या घरात जाते. रुपयांत सोयीसाठी तीन कोटी धरू. त्यावर कर. खासगी वापराच्या विमानाला आणि हेलिकॉप्टरला सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के जीएसटी आहे. त्याआधी अठ्ठावीस टक्के आणि वर तीन टक्के उपकर होता. जहाजभाडं, जुळणी आणि इतर शुल्क धरून सव्वाचार कोटींच्या खाली यंत्र आपल्या दारात उभं राहत नाही. पण खरेदीचा आकडा निदान एकदाच लागतो आणि तो सगळ्यांना दिसतो. न दिसणारा आकडा वेगळा आहे.

आर-२२ चं आयुष्य दोन घड्याळांवर चालतं. एक घड्याळ उड्डाणाच्या तासांचं: २,२०० तास भरले की संपूर्ण यंत्र उघडून पाती, गिअरबॉक्स, इंजिन असं सारं बदलावं किंवा नव्याने बांधावं लागतं. दुसरं घड्याळ कॅलेंडरचं: बारा वर्षं झाली की तेच काम करायचं, मग तास कितीही झालेले असोत. प्रशिक्षण संस्था वर्षाला पाचशे तास उडवते, तिचं पहिलं घड्याळ आधी संपतं आणि तिला प्रत्येक तासाचा मोबदला मिळतो. हौशी माणसाने वर्षाला पन्नास तास उडवलं तरी पुष्कळ. बारा वर्षांत त्याचे सहाशे तास होतात. उरलेले सोळाशे तास पैसे मोजूनही न वापरता भंगारात जातात.

आता कागदावर मांडू. पुढचे आकडे बाजारभाव म्हणून घेऊ नका. हिशोबाचा कल दिसावा म्हणून धरलेले आहेत. संपूर्ण दुरुस्तीला दीड कोटी धरले तर वर्षाचा वाटा साडेबारा लाख. पन्नास तास उडवलंत तर तासामागे पंचवीस हजार. वर्षाला एकशेऐंशी तास उडवलंत तर तोच वाटा सात हजारांच्या आत. चार कोटींच्या यंत्राला नवशिक्या मालकासाठी शेकडा पाच दराने विमा धरला तर वर्षाचे वीस लाख: पन्नास तासांत तासाला चाळीस हजार, एकशेऐंशी तासांत अकरा हजार. चार कोटी बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी अठ्ठावीस लाख व्याज आलं असतं. तेही पन्नासांत वाटलं तर छप्पन्न हजार पडतात. इंधन तासाला पस्तीस लिटर. लिटरला अडीचशे रुपये धरले तरी पावणेनऊ हजार, आणि हा एकच आकडा कितीही उडवलंत तरी हलत नाही. सगळं मिळून पन्नास तासवाल्याला तास एक लाख तीस हजारांना पडतो, एकशेऐंशी तासवाल्याला बेचाळीस हजारांना. यात इंजिनिअर, शेड, परवाने अजून धरलेलेच नाहीत. एक लाख तीस हजारांच्या आसपास तर पायलटसकट भाड्याचं मोठं हेलिकॉप्टर मिळण्याची शक्यता असते, आणि ते उतरवून आपण घरी जेवायला जाऊ शकतो.

इंधन स्वस्त रकान्यात असलं तरी मिळवणं सोपं नाही. या इंजिनांना विमानाचं खास पेट्रोल लागतं, त्याला अ‍ॅव्हगॅस म्हणतात. मोठ्या हेलिकॉप्टरांना लागणारं जेट इंधन निराळं, ते केरोसिनच्या जातीचं. अ‍ॅव्हगॅस वर्षानुवर्षं परदेशातून यायचं. इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत ते तयार करून सप्टेंबर २०२२ मध्ये देशी अ‍ॅव्हगॅस बाजारात आणलं. पण देवरुखच्या पंपावर ते मिळणार नाही, बॅरलने आणावं लागेल. आणि १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे पेट्रोलच्या वर्गातलं इंधन परवान्याशिवाय घरी ठेवता येतं ते फक्त तीस लिटर. आर-२२ चा तासाभराचा खुराकही त्यात बसत नाही. म्हणजे साठवणीचा परवाना, तशी जागा, वाळूच्या बादल्या आणि त्यांची तपासणी, हे सगळं आलं.

उड्डाणाचे नियमही शेताच्या बांधावरून हवं तेव्हा उठण्याइतके सैल नाहीत. खासगी वैमानिकाचा हेलिकॉप्टर परवाना घ्यायला वयाची सतरा वर्षं, वैद्यकीय तपासणी, हवामान-नेव्हिगेशन-नियमांच्या लेखी परीक्षा, वायरलेसवर बोलण्याचा वेगळा परवाना आणि किमान चाळीस तासांचं उड्डाण लागतं. त्यानंतरही प्रत्येक फेरीआधी उड्डाणाचा आराखडा द्यायचा आणि हवाई संरक्षण परवानगीचा क्रमांक मिळवायचा. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाच्या ताब्यातला, तेव्हा किनाऱ्याकडे सैर मारताना हा क्रमांक ही काही औपचारिकता नव्हे. यंत्राला दरवर्षी उड्डाणयोग्यता तपासणीचं प्रमाणपत्र नव्याने लागतं. त्यासाठी लागणारा परवानाधारक इंजिनिअर आपल्या संगमेश्वर तालुक्यात राहत नाही. तो मुंबई-पुण्याहून येणार, मुक्काम करणार, सुटा भाग नसेल तर परत जाणार.

हे प्रमाणपत्र आठ दिवसांसाठी जरी चुकलं, तरी त्या आठ दिवसांत विमा कागदावरच उरतो. इथून खरा विषय सुरू होतो.

हेलिकॉप्टरच्या पॉलिसीत मुख्य दोन गोष्टी असतात. एक, यंत्राचं स्वतःचं नुकसान. विम्याच्या धंद्यात त्याला जहाजाच्या सांगाड्यावरून आलेल्या ‘हल’ या शब्दाने ओळखतात. दुसरी, आपण इतरांचं केलेलं नुकसान: जमिनीवरची माणसं, घरं, बागा आणि बरोबर बसलेला प्रवासी. मोटारीचा सर्वंकष विमा गाडीच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांत उरकतो. हेलिकॉप्टरच्या हलचा दर त्याहून बराच चढा असतो, आणि त्यामागचं मुख्य कारण बहुतेकांना वाटतं तसं ‘पडलं तर माणूस मरतो’ हे नाही. मोठं कारण असं की पडल्याशिवायही हेलिकॉप्टरचं प्रचंड नुकसान होऊ शकतं.

उतरताना पात्याचं टोक आंब्याच्या फांदीला किंवा शेडच्या पत्र्याला नुसतं लागलं. माणूस शाबूत, काच शाबूत, बाहेरून बघणाऱ्याला ओरखडा दिसतो. पण त्या क्षणी पूर्ण वेगाने फिरणारं पातं अडलं आणि त्याचा हिसका दांड्यातून गिअरबॉक्समध्ये, तिथून पट्ट्यांतून इंजिनमध्ये गेला. कारखान्याचा नियम सांगतो की अशा वेळी ही सगळी साखळी उघडून तपासायची आणि त्यातला बराच भाग बदलायचा. मोटारीच्या बंपरला लागावं एवढ्या धक्क्याने कोटीचं बिल होतं. म्हणूनच या पॉलिसीत पहिला भुर्दंड, म्हणजे क्लेममधला मालकाच्या पदरचा वाटा, दोन दरांनी लिहिलेला असतो: पाती फिरत असताना वेगळा आणि पाती थांबलेली असताना वेगळा. फिरत्या पात्यांचा वाटा कितीतरी मोठा. नुकसान थेट लाखांत मोजायचं असल्याने हा वाटाही कधी यंत्राच्या किमतीच्या टक्क्यांत असतो.

दुसरा खड्डा रुपयाचा. हलची रक्कम बहुधा आधीच ठरवून लिहिलेली असते. यंत्र पूर्ण गेलं तर तेवढी रक्कम मिळते, बाजारभावावर वाद नाही. पण सुटे भाग रॉबिन्सनच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातून येतात आणि डॉलरमध्ये येतात. तीन वर्षांपूर्वीची रक्कम तशीच ठेवून हप्ता वाचवला आणि मधे रुपया घसरला, तर नव्या यंत्रातला फरक खिशातून जाणार. शिवाय रक्कम फार कमी लिहिली तर आणखी गंमत होते. दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या रकमेच्या जवळ गेला की कंपनी यंत्र ‘पूर्ण गेलं’ असं जाहीर करते, पैसे हातात ठेवते आणि दुरुस्त होण्याजोगं हेलिकॉप्टर भंगार म्हणून स्वतःकडे घेते.

विमा कंपनीचा प्रस्ताव फॉर्म वाचण्यासारखा असतो. यंत्राबद्दल अर्धं पान, चालवणाऱ्याबद्दल दोन. एकूण किती तास उडवलंत, याच जातीचं यंत्र किती तास, गेल्या नव्वद दिवसांत किती, आधीचे अपघात, कुठलं प्रशिक्षण. हप्त्याचा दर मुख्यतः या उत्तरांवर ठरतो, आणि इथे हौशी माणूस पुन्हा त्याच चक्रात सापडतो. कमी उडवतो म्हणून अनुभव कमी, अनुभव कमी म्हणून दर जास्त, दर जास्त म्हणून आणखी कमी उडवतो. हे चक्र नुसतं पैशाचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आर-२२ मध्ये ते जिवावरही येतं.

इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खाली येताना पात्यांतून वर जाणारी हवा त्यांना फिरतं ठेवते आणि कुशल हात ते यंत्र हळुवार उतरवू शकतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. अट एकच: पात्यांचा वेग मरायच्या आत डाव्या हाताचा दांडा खाली गेला पाहिजे. मोठ्या हेलिकॉप्टरची पाती जड, त्यांच्यात साठलेली गती दोन-तीन सेकंदांची उसंत देते. आर-२२ ची पाती हलकी. तिथे जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो. त्यात विचार करायला जागा नाही, हात आपोआप गेला पाहिजे, आणि सरावाचा हात महिन्यातून एकदा बसणाऱ्याकडे येत नाही. आर-२२ च्या अपघातांचं प्रमाण वाढल्यावर रॉबिन्सनने १९८२ मध्ये प्रशिक्षकांसाठी स्वतःचा सुरक्षा अभ्यासक्रम सुरू केला, आणि १९९५ मध्ये अमेरिकी विमानवाहतूक खात्याने आर-२२ आणि त्याचा मोठा भाऊ आर-४४ यांच्यासाठी वेगळ्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा खास नियम काढला. आज अनेक विमा कंपन्या तो कारखान्याचा अभ्यासक्रम केल्याचा दाखला मागतात. दाखला असेल तर दर उतरतो. माझ्या मते हौशी मालकाने सगळ्यात आधी पैसा घालावा तो इथे, रंगकाम आणि हेडफोन नंतर.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कोकण वरून सुंदर दिसतं, पण विम्याची जोखीम तोलणाऱ्या अंडररायटरच्या चष्म्यातून बघितलं तर घाम फोडणारं आहे. देवरुखच्या पूर्वेला मार्लेश्वरच्या बाजूला सह्याद्रीची भिंत उभी चढते. वारा पठारावरून कोकणाकडे वाहत असला की भिंतीच्या या अंगाला हवा खाली कोसळते, आणि तिथला धबधबा जवळून बघायला गेलेल्या दीडशे घोड्यांच्या आतल्या इंजिनाला त्या लोटातून वर येणं जड जातं. मार्च ते मे दमट उष्मा. अशा विरळ हवेत पाती आणि इंजिन दोन्ही कमी जोर देतात, तेव्हा एका सीटला १०९ किलोची मर्यादा असली तरी दोन भरभक्कम पाहुणे घेऊन उभं उठणं जमेलच असं नाही.

उतरायला कातळाचे सडे आहेत, मोकळे आणि सपाट. दुरून. जवळून त्यांत चिऱ्याचे उंचवटे आणि भेगा असतात. उठताना एका बाजूचा पाय अशा उंचवट्याला अडकला आणि यंत्र त्या पायाभोवती थोडंसं कललं, तर पात्यांची ओढच त्याला आडवं पाडते. दोन सेकंदांत पाती जमिनीवर आपटतात. शिकाऊ पायलटांच्या हातून हलचे क्लेम होतात त्यात हा प्रकार नेहमीचा. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यावर हेलिकॉप्टर टेकवणाऱ्याची भरपाई कुठली पॉलिसी कशी मोजेल, मला सांगता येणार नाही. आपण मोजायची वेळ आणू नये.

तारांचं तर विचारूच नका. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर गेलेली विजेची तार वरून दिसत नाही, खांब दिसले तरच कळते. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला राज्याच्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उड्डाण होताच तारांत अडकून कोसळलं. सगळे वाचले. ते सरकारी, दोन इंजिनांचं, अनुभवी पायलटांचं यंत्र होतं आणि हेलिपॅडची पाहणी झालेली होती. हौशी माणसाच्या मागे पाहणी करणारं खातंही नसतं.

तृतीय पक्षाच्या नुकसानीत कोकणची एक खासियत बसते. पौष-माघात हापूसला मोहर असतो. सहाशे किलोचं यंत्र हवेत धरून ठेवायला तेवढ्याच जोराने हवा खाली ढकलावी लागते. चाळीस फुटांवरून ती कलमांवरून गेली तर मोहराचं काय होईल ते बागायतदाराला सांगायला नको. कौलं उडतील, वाळत घातलेली आमसुलं आणि पापड शेजारच्या वाडीत जातील, दावणीची गुरं दोर तोडतील. पॉलिसीत ‘अपघाताने झालेलं नुकसान’ लिहिलेलं असतं. पात्यांच्या वाऱ्याने मोहर झडणं हा अपघात, की माहीत असून केलेला उद्योग, यावर सर्व्हेअर आणि वकील दोघांचं पोट भरेल.

पावसाळ्यातले चार महिने मात्र विम्याच्या बाजूने थोडा दिलासा आहे. यंत्र ठरावीक दिवस सलग उडणार नाही असं आधी कळवून ते शेडमध्ये ठेवलं, तर पॉलिसीतल्या बंद-काळाच्या कलमाखाली हप्त्याचा काही भाग परत मिळू शकतो. त्या काळात आग, पूर, चोरी, शेड कोसळणं एवढ्याच जोखमी चालू राहतात. मात्र त्याच काळात दुरुस्तीला उघडलं असेल तर परतावा सहसा मिळत नाही. आर-२२ ची दोनच पाती लांबीच्या दिशेने लावून ठेवता येतात, त्यामुळे लांबट अरुंद शेड पुरते. पण कोकणच्या पावसात शेडमध्येही दमट हवा धातू खाते आणि कुंभारमाशी वेगमापकाच्या नळीत मातीचं घर बांधते. पावसात उडवण्याचा मोह झाला तरी टाळावा, आणि ते केवळ ढगांमुळे नाही. पावसाचे थेंब पात्याच्या पुढच्या कडेचा रंग खरवडतात, खालचा चिकटवलेला जोड उघडा पडतो आणि पात्याचं आवरण सुटू लागतं. रॉबिन्सनच्या पात्यांत हे घडल्यावर तपासणीचे सक्तीचे आदेश निघाले.

एवढा खर्च ऐकल्यावर कुणीतरी म्हणतोच, “मग घरीच बनवू की.” महाराष्ट्रात हे झालेलं आहे, दोन्ही टोकांना. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळच्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगी गावात चोवीस वर्षांच्या एका कारागीर तरुणाने मारुती ८०० चं इंजिन बसवून एकासनी हेलिकॉप्टर तयार केलं होतं. रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, मुख्य पात्याला लागला आणि त्या पात्याच्या आघाताने तो गेला. हातात कसब होतं, जिद्द होती. नव्हता तो त्याच्या वेल्डिंगकडे परक्या नजरेने बघणारा दुसरा इंजिनिअर. नोंदणी नसलेल्या, तपासणी न झालेल्या यंत्राला विमा मिळत नाही, हे आपण कंपन्यांचा आडमुठेपणा म्हणून सांगतो. प्रत्यक्षात तो नकार म्हणजे ‘हे अजून कुणी तपासलेलं नाही’ एवढाच निरोप असतो, आणि तो ऐकण्यासारखा असतो.

दुसरं टोक कॅप्टन अमोल यादव यांचं. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पेशाने वैमानिक. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. ते हेलिकॉप्टर नव्हे, पण कागदांची वाट तीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ च्या अखेरीस झाली, उडण्याची परवानगी २०१९ मध्ये आली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. या कामाची सुरुवात १९९८ च्या सुमाराची.

खर्च कमी करायचा दुसरा देशी मार्ग भिशीचा: पाच जण मिळून घेऊ. कल्पना वाईट नाही. तास वाढतात, यंत्र वापरात राहतं आणि वरचा हिशोब एकदम सुधारतो. मात्र विमा पाच जणांची सरासरी काढत नाही. पाचांत ज्याचे तास सगळ्यात कमी, त्याच्या नावाने दर ठरतो, नाहीतर त्याचं नाव पॉलिसीतून वगळून यंत्राला हात लावायला बंदी होते. आणि खासगी परवाना असलेल्याने पैसे घेऊन कुणाला फिरवायचं नसतं. “मित्रांनी पेट्रोलचे दिले” हे वाक्य चहाच्या टपरीवर निरुपद्रवी असेल. अपघातानंतरच्या चौकशीत ते निघालं तर कंपनीला हात वर करायला तेवढं पुरतं. सशुल्क सैरींचा परवाना, त्यांचे नियम आणि त्यांचा विमा सगळंच वेगळं आहे, आणि तिथेही सगळं सुरळीत असतंच असं नाही. ११ डिसेंबर २०१६ रोजी जुहूहून सैरीला निघालेलं रॉबिन्सन आर-४४ गोरेगावच्या आरे वसाहतीत कोसळलं. पायलटसह माणसं दगावली.

सैरीला नुसतं बसणाऱ्याच्या कपाटातही एक कागद असतो, तो कुणी वाचत नाही. आयुर्विमा महामंडळाच्या अनेक पॉलिसींत अपघात लाभाचं कलम आहे, अपघाती मृत्यू झाला तर जादा रक्कम देणारं. त्यात विमान प्रवासाबद्दल साधारण अशी अट असते: विमा घेतलेला माणूस प्रवाशांना नेण्याचा अधिकार असलेल्या विमानातला निव्वळ प्रवासी असावा, त्याच्याकडे विमानातलं काही काम नसावं आणि ते विमान प्रस्थापित विमानतळांदरम्यान उडत असावं. मुंबई-दिल्ली विमानाला हे सहज लागू होतं. पण कॉलेजच्या मैदानावर चुन्याने काढलेलं वर्तुळ प्रस्थापित विमानतळ ठरतं का? मूळ विम्याची रक्कम मिळेल, जादा रकमेवरून वाद होऊ शकतो. स्वतः उडवणारा तर त्या कलमाच्या बाहेरच. त्याने आयुर्विमा घेताना उड्डाणाची हौस लिहून द्यायला हवी आणि त्यासाठीचा जादा हप्ता भरायला हवा. लपवली तर मूळ रकमेवरही बालंट येतं. वैयक्तिक अपघात पॉलिसी बहुधा परवानाधारक, प्रमाणित विमानातल्या प्रवाशाला सांभाळते, पायलटला नाही. आरोग्य विम्यात गंमत उलटी आहे: साहसी खेळांचं जे प्रमाणित अपवाद-कलम विमा नियामकाने घालून दिलं आहे ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांबद्दल बोलतं. हौशी माणसाला तिथे युक्तिवादाला जागा आहे.

इतक्या अटी कुठून आल्या? लंडनच्या लॉइड्समध्ये विमानाची पहिली पॉलिसी १९११ मध्ये लिहिली गेली आणि पुढच्याच वर्षी, खराब हवेत एका मेळाव्यात विमानं आपटल्यावर, हा धंदा बंद करण्यात आला. पुन्हा सुरू झाला तो अटींसकट. आपल्याकडे मुंबईत सर दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये काढलेल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सने १९४६ मध्ये विमान विम्याचा वेगळा विभाग उघडला. आजही भारतीय कंपनी चार कोटींच्या हेलिकॉप्टरची सगळी जोखीम स्वतःकडे ठेवत नाही. प्रत्येक पॉलिसीतला काही वाटा कायद्याने जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे जातो, उरलेल्यातला बराचसा करारांनी परदेशी पुनर्विमा कंपन्यांकडे. त्यामुळे देवरुखच्या शेडमधल्या यंत्राचा हप्ता आपल्या तालुक्यातल्या अपघातांपेक्षा जगभरच्या अपघातांनी जास्त हलतो. मोटारविम्यासारखी लाखो गाड्यांची सरासरी इथे नाही. भारतात खासगी पिस्टन हेलिकॉप्टरं इतकी थोडी आहेत की एक मोठा क्लेम साऱ्यांचा दर वर नेऊ शकतो.

ज्यांची मुलं-भाचे अमेरिकेत आहेत अशी घरं देवरुखात आता कमी नाहीत, आणि हौस स्वस्तात भागवायची वाट खरं तर तिकडून जाते. तिथल्या प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षकासह आर-२२ चा तास साडेतीनशे-चारशे डॉलरच्या घरात मिळतो, दांडा आपल्या हातात देतात आणि कोटींचं यंत्र दुसऱ्याचं असतं. तिथे एक अगदी हलका वर्गही आहे: रिकामं वजन ११५ किलोच्या आत, टाकीत १९ लिटर इंधन, एकच आसन, आणि चालवायला परवानाच नको. मॉस्किटो नावाचं छोटं हेलिकॉप्टर त्यात बसतं. परवाना नको म्हणजे विमा कंपनीला विचारायला काही उरतच नाही, त्यामुळे त्याच्या हलला विमा मिळवणं अवघड. भाड्याच्या आर-२२ वर जाण्याआधी मात्र संस्थेला दोन गोष्टी विचाराव्यात: पाती लागली तर पहिल्या भुर्दंडाची रक्कम कोण भरणार, आणि संस्थेची विमा कंपनी नुकसान भरून दिल्यावर ते शिकणाऱ्याकडून वसूल करू शकते का. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असतं, आणि त्यासाठी भाडेकरू पायलटचा वेगळा छोटा विमा मिळतो. इथून निघताना घेतलेल्या प्रवासविम्यावर विसंबू नये. त्यातही बहुतेक वेळा तीच अट असते: विमानात प्रवासी म्हणून बसलेल्यालाच संरक्षण.